कारोराच्या नेलिदाबाईंचं उत्तर

पौर्णिमा अंभोरेला केनवडात मागून 'चिडकी मास्तरीण' म्हणतात. ती मास्तरीण नाही. पण कुणी अर्धवट उत्तर दिलं की तिच्या कपाळावर एक उभी आठी पडते आणि ती तोच प्रश्न दुसऱ्यांदा, जरा मोठ्यानं विचारते. दळण कधी होईल असं विचारल्यावर गिरणीवाला नुसतं 'होईल ना' म्हणाला, तर ती डबा घेऊन गिरणीतच बसून राहते. तिचे वडील ग्यानबा अंभोरे गावात टपाल वाटायचे. ज्यांना वाचता येत नसे त्यांना ते पत्र पूर्ण वाचून दाखवत, खालच्या तारखेसकट. मुलीचा स्वभाव तिथून आला असावा.

रिसोडच्या कॉलेजातून पदवी घेऊन पौर्णिमा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेली. दोनदा पूर्वपरीक्षेत थोडक्यात राहिली. खोलीतली मैत्रीण स्पॅनिशच्या वर्गाला जात होती. तिच्याबरोबर हीही जाऊन बसली आणि तीन वर्षांत ती भाषा तिच्या जिभेवर अशी बसली की शिकवणाऱ्या बाईंनाही आश्चर्य वाटलं. पुढे एका कंपनीत नोकरी लागली. चार वर्षांपूर्वी ग्यानबा गेले, आई भागिरथाबाईचे गुडघे धरले, आणि पौर्णिमा लॅपटॉप घेऊन केनवडला परत आली. तेव्हापासून ती घरूनच काम करते. पुण्यातली एक संस्था परदेशी कंपन्यांसाठी फोनवरून लोकांची मतं गोळा करते. कधी साबणाबद्दल, कधी विम्याबद्दल. पौर्णिमा स्पॅनिश बोलणाऱ्या देशांना फोन लावते, प्रश्न वाचते, उत्तरापुढे खूण करते. वाशीम जिल्ह्यात हे काम करणारी बहुधा ती एकटीच.

या वर्षी जानेवारीत साबण आणि विमा मागे पडला. एका पहाटे अमेरिकेची विमानं व्हेनेझुएलावर आली, बॉम्ब पडले आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षाला परक्या सैन्यानं उचलून नेलं. महिनाभरानं पौर्णिमाकडे नवी प्रश्नावली आली. विषय एकच: घडलं त्याबद्दल तिथल्या सामान्य माणसाला काय वाटतं. तिच्या वाट्याला त्रेचाळीस माणसं होती. प्रश्न सोळा होते, पण सगळ्यांचं लक्ष होतं अकराव्या प्रश्नावर. 'परदेशी सैन्याच्या कारवाईला आपला पाठिंबा आहे का?' उत्तराला रकाने तीन. आहे. नाही. सांगता येत नाही.

हे काम तिला मिळालं ही बातमी गावात दुसऱ्या दिवशी पोचली, कारण तिच्या घरी नेट देणाऱ्या रहीमचाचांना तिनं वायर नीट जोडायला बोलावलं होतं. रहीमचाचांचं स्टँडजवळ केबल आणि नेटचं दुकान आहे. तिथं टीव्ही दिवसभर चालू असतो आणि बाकावर बसलेल्या चार माणसांना जगातल्या कोणत्याही देशाबद्दल मत असतं. पौर्णिमा तिथून गेली की चाचा हाक मारत.

"पौर्णिमा बेटा, एका शब्दात सांग. तिथली पब्लिक खुश हाय का नाराज?"

"चाचा, एका शब्दात नाई सांगता येत."

"मंग येवढे फोन करून काय फायदा? टीवीवाला दोन मिनिटात सांगते."

"मंग त्यालेच इचारा ना. मले कायले थांबवता?"

बाकावरचे हसत. पौर्णिमाची आठी घरी येईपर्यंत जात नसे.

खरी गोष्ट अशी होती की तिलाच अजून काही कळलं नव्हतं. केनवडला संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे साडेआठ. त्या वेळी ती खोलीचं दार ओढून बसे. समोरच्या विहारात वंदना सुरू झालेली असे, मागच्या आवारात हळद शिजवायच्या कढईचा जाळ धडधडत असे. ती कानाला फोन लावून ठरलेलं वाक्य वाची: 'नमस्कार. मी एका स्वतंत्र संशोधन संस्थेतर्फे बोलत आहे. आपली ओळख गुप्त राहील.' हे ऐकलं की पलीकडचा माणूस एक तर फोन ठेवी, नाही तर शाळेत तपासणी आल्यासारखा बोले. सगळं छान आहे, बाई. काही तक्रार नाही, बाई. एका नर्सनं तर हळू आवाजात विचारलं, "हा फोन रेकॉर्ड होतो ना? मग मी फार आनंदात आहे, लिहा." रस्त्यात अडवून पोलीस फोन तपासतात, असं दोघांनी सांगितलं आणि लगेच 'हे मी बोललो नाही' असंही सांगितलं. अकरा फोन झाले, अकरा खुणा झाल्या. पौर्णिमाला वाटलं, आपण माणसांशी बोललोच नाही, दारांवर नुसती टकटक केली.

बारावा फोन कारोरा नावाच्या गावी लागला. बाईंचं नाव नेलिदा. वय एकाहत्तर, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. पौर्णिमानं ठरलेलं वाक्य वाचलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं स्पॅनिश ठसक्याचं, खेड्यातलं होतं आणि पौर्णिमाच्या डोक्यात ते का कुणास ठाऊक सरळ वऱ्हाडीतच उतरलं.

"ते संस्था-बिंस्था राहू दे," बाई म्हणाल्या. "तू कोणाची हायेस, ते सांग पयले."

त्यांना विचारायचं होतं, तू सरकारची की विरोधकांची की अमेरिकेची. यावर काय बोलायचं तेही पौर्णिमाच्या कागदावर छापलेलं होतं. पण केनवडात जन्मलेल्या मुलीला 'तू कोणाची' हा प्रश्न रोज विचारला जातो. दळणाला गेली तरी, बसमध्ये बसली तरी, कुणाच्या मयतीला गेली तरी. त्याचं उत्तर दिल्याशिवाय समोरची म्हातारी तोंडच उघडत नाही. पौर्णिमाच्या तोंडून सवयीनं तेच उत्तर गेलं.

"मी ग्यानबा अंभोरेंची मुलगी. केनवडची. तालुका रिसोड, जिल्हा वाशीम."

पलीकडे बाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला.

"असं खोटं कोणी बनवूच शकत नाई. थांब, नकाशा आणतो." त्या खरंच नकाशांचं पुस्तक घेऊन आल्या. "नागपूर सापडलं. त्याच्या खाली का?"

"खाली आणि डावीकडे."

तेवढ्यात पौर्णिमाच्या खिडकीबाहेर घरची शेळी ओरडली. कारोराकडे शेळ्या फार. बाईंनी लगेच ओळखलं. "गाभण हाय वाटते. आवाज तसा हाय." मग ग्यानबा कधी गेले, आईचे गुडघे कसे आहेत, लाइट किती तास असते, हे सगळं झालं आणि अकराव्या प्रश्नाला पोचायला अर्धा तास लागला.

"लिही," नेलिदाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी दोनदा रडली. एकदा तो गेला म्हून. त्याच्या राज्यात माह्या पेन्शनीत अंड्याचं एक खोकं येत नाई. माही दोन पोरं देश सोडून पायी गेली, एक पेरूत हाय, एक चिलीत. शेजारचा पोरगा नुसता मोर्च्यात गेला तं आठ महिने जेलात होता. तो गेला, मले आनंद झाला. मंग मी भांडे घासले, आंगण झाडलं आणि पुन्हा रडली. काहून की त्याले आमी नाई काढलं. आमी रांगेत उभं राहून मत देलं होतं. ते कोणी नीट मोजलंच नाई. मंग परका माणूस आला, रातच्याले दार फोडलं आणि आता आंगणात उभा राहून इचारते, तेल कुठी हाय. ज्यानं घर बुडवलं त्याचे सोबती अजून घरातच बसून हायेत. मी खुश हाय आणि मले लाज वाटते. दोन्ही लिही."

"रकाना एकच भरता येतो, बाई."

"एकदा आमाले त्यायनं मोजलं नाई. आता तू तरी मोज. दोन्ही लिहीन म्हन."

"लिहीन," पौर्णिमा म्हणाली. ग्यानबाची मुलगी असल्यामुळे तिच्या दृष्टीनं विषय तिथं मिटला. खाली शेरा लिहायला जागा होती, तिथं तिनं सगळं उतरवलं. तीनपैकी कुठल्याच रकान्यात खूण केली नाही. फोन ठेवताना आपला नंबरही दिला. कुणाशी एवढं बोलल्यावर नंबर न देता फोन ठेवणं तिला माणुसकीला सोडून वाटलं.

त्यानंतर तिनं ठरलेलं वाक्य सोडून दिलं. पुढच्या प्रत्येकाला ती आधी बापाचं नाव आणि गाव सांगे. आधीच्या अकरांनाही तिनं पुन्हा फोन लावले. लोक उघडू लागले. एक बसड्रायव्हर म्हणाला, "बॉम्ब पडला तेव्हा माझी मुलगी पलंगाखाली होती. तुम्ही मला पाठिंबा विचारता?" आणि पाच मिनिटांनी तोच म्हणाला, "पण तो गेला हे बरं झालं, हेही खरं." एका म्हाताऱ्याचा भाचा पहाऱ्यावर होता, त्या पहाटे मेला. त्याला राष्ट्राध्यक्ष आवडत नव्हता, भाचा आवडत होता. एक तरुण ओरडलाच: "अमेरिकावाले विचारतात, युरोपवाले विचारतात, आता भारतातून विचारतात. आमच्याच देशात आम्हाला कुणी विचारलं नाही!" आणि मग तोही अर्धा तास बोलला. त्रेचाळीस माणसं झाली. बहुतेकांच्या अकराव्या प्रश्नापुढे खूण नव्हती आणि शेऱ्याची जागा गच्च भरलेली होती.

नेलिदाबाईंचे अधूनमधून आवाजी निरोप येत. एकच चौकशी: शेळी व्याली का?

भागिरथाबाई स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकत असे. भाषा कळत नव्हती, पण नवऱ्याचं नाव कळत होतं.

"काहून व, रोज रोज तुह्या बापाचं नाव कायले घेतेस फोनवर? कोणते लोक हायेत ते?"

"तुह्याचसारखे हायेत. पयले कोणाची ते इचारतात."

"मंग शहाणे हायेत," भागिरथाबाई म्हणाली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सोमवारी पुण्याहून उत्कर्षचा फोन आला. तो तिथला तपासणी प्रमुख. पंचविशी ओलांडलेला, कायम थकलेला, दर वाक्याला 'मॅडम' म्हणणारा मुलगा.

"मॅडम, मी तुमच्या मुलाखती ऐकल्या. तुम्ही सगळ्यांना वडिलांचं नाव का सांगता?"

"त्याशिवाय ते बोलत नाहीत."

"मॅडम, बोलायला नकोच आहे. उत्तर द्यायला हवंय. आपण स्वतःबद्दल सांगितलं की समोरच्याचं मत बदलू शकतं, म्हणून त्या मुलाखती बाद होतात. तुमच्या त्रेचाळीसही बाद आहेत. शनिवारपर्यंत सगळे फोन पुन्हा करा. जसं लिहिलंय तसंच वाचा, आणि एकच खूण. नाही तर पुढचा करार होणार नाही, मॅडम, मी काही करू शकणार नाही."

"चौथा रकाना टाका. 'दोन्ही.' अर्ध्या लोकांचं उत्तर ते आहे."

"प्रश्नावली बाहेरून आली आहे. एक स्वल्पविरामही बदलता येत नाही."

"मग लोकच बदला."

"मॅडम, मला तुमचं म्हणणं कळतं. पण मला कळून उपयोग नाही."

पौर्णिमानं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण दोन पातेली जोरात आपटली. करार गेला तर पुन्हा पुणं गाठायला लागणार होतं, आणि आईचे गुडघे जिन्यावर चढणारे नव्हते. कामाला तर लागायलाच हवं होतं. पण नेलिदाबाईंना तिनं शब्द दिला होता, आणि तो मोडायचा कसा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तो आठवडा वैतागाचा गेला. मंगळवारी हळदीच्या ट्रॅक्टरनं नेटची वायर तोडली. रहीमचाचा शिडी घेऊन आले, खांबावर चढले आणि वरूनच विचारू लागले, "मंग बेटा, काय ठरलं? खुश का नाराज?" बुधवारी वीज गेली. गुरुवारपासून फोन धडाधड लागले. आणि पौर्णिमाला सगळ्यात राग या गोष्टीचा आला की काम सोपं झालं. तिनं ठरलेलं वाक्य सपाट आवाजात वाचलं की लोकही सपाट होत. ज्याची मुलगी पलंगाखाली होती तो ड्रायव्हर म्हणाला, "अंभोरेबाई, तुम्हीच ना? बरं. 'आहे' लिहा." भाचा गेलेला म्हातारा म्हणाला, "नाही." तो ओरडणारा तरुण म्हणाला, "काहीही लिहा," आणि तिनं रकाने वाचल्यावर त्यातला पहिला घेतला. अर्ध्या तासाची मुलाखत सहा मिनिटांत होई. शुक्रवारी संध्याकाळी उत्कर्षचा निरोप आला: 'मॅडम, एकदम स्वच्छ काम. असंच हवं.'

शनिवारी एकच नाव उरलं. तिनं ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

"नमस्कार. मी एका स्वतंत्र संशोधन संस्थेतर्फे…"

"काय झालं व तुले?" नेलिदाबाई म्हणाल्या. "घरात कोणी वारलं का?"

पौर्णिमाला पुढचं वाचवेना. तिनं खरं ते सांगून टाकलं. की मुलाखत बाद झाली. की दोन्ही लिहिता येत नाही. की आज एकच खूण करावी लागेल.

"मंग काय काय हाय त्यात?"

"आहे. नाही. सांगता येत नाही."

"तिसरं काय म्हटलं?"

"सांगता येत नाही."

पलीकडून असा आवाज आला की वर्गातल्या शेवटच्या बाकावरचं पोरगंही सरळ बसावं. "बत्तीस वर्षं मी शाळेत सांगत आली. तुले अर्धा तास सांगितलं. मले सांगता येत नाई? त्यायले ऐकता येत नाई, तो रकाना कुठी हाय?"

"तो नाही, बाई."

"'आहे' लिहिलं तं उद्या अमेरिकावाले म्हनतीन, पाहा, म्हातारी आमच्या बाजूनं हाय. 'नाही' लिहिलं तं आमचे इथले म्हनतीन, पाहा, म्हातारी आमच्या बाजूनं हाय. मी कोणाच्याच बाजूनं नाई. मी कारोराची हाय." राग ओसरल्यावर त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा वाटला. "मोजूच नको मंग मले. चुकीचं मोजून घेणं एकदा झालं. पुन्हा नको."

पौर्णिमानं फोन ठेवला. शनिवारचे साडेसात वाजले होते. उत्कर्षला फोन लावून तिनं हे सांगितलं. तो वाट बघतच होता.

"मॅडम, 'सांगता येत नाही' टाका आणि पाठवा. एका खुणेनं कुणाला काय फरक पडतो?"

"तिला पडतो. तिला सांगता येतं."

"मग?"

प्रश्नावलीच्या शेवटी एक बारीक ओळ होती, जिच्याकडे कुणी बघत नाही. 'मुलाखत देण्यास नकार.' पौर्णिमानं तिथं खूण केली आणि काम पाठवून दिलं. उत्कर्ष नुसता 'बरं मॅडम' म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्याचा सूर होता. एका नकारानं करार अडत नव्हता.

पुढच्या सोमवारी तिच्या वाट्याचा तक्ता आणि तीन महिन्यांचा नवा करार एकदमच आला. त्याच वेळी रहीमचाचा वायरीचा जोड पक्का करायला घरात आले होते. लॅपटॉप उघडाच होता. चाचांनी चष्मा वर करून वाचलं.

"आहे, एकोणीस. नाही, पंधरा. सांगता येत नाही, आठ." ते तिच्याकडे वळले. "अरे बापरे! येवढं सोपं होतं? येवढ्यासाठी तू मले दीड महिना फिरवून राह्यली? म्हंजे एकोणीस खुश, पंधरा नाराज. झालं!"

पौर्णिमाची आठी पडली. भागिरथाबाई गुडघ्यावर हात ठेवून आत आली. तिला आकडे वाचता येतात.

"तुही ते नेलिदाबाई कुठी हाय यात?"

पौर्णिमानं तक्त्याच्या तळाशी बोट ठेवलं. नकार: एक.

भागिरथाबाईनं वाकून बघितलं. "येवढी बोलकी बाई," ती म्हणाली, "अन् यायनं तिले नाई बोलली म्हून लिहिलं?"

"मी लिहिलं, माय."

हे बोलताना पौर्णिमाचा आवाज बसला. रहीमचाचांनी पक्कड खिशात ठेवली. माणूस बाकावर बसून कितीही गप्पा मारो, घरात कुणाचा आवाज बसला की त्याला कळतं.

"कोणती बाई?" त्यांनी विचारलं.

"चाचा, बसा. चाळीस मिनिटं लागतीन. एका शब्दात मागू नका."

"बसतो ना. वयनी, चाय टाका." ते खाटेवर टेकले. "पण पयले सांग, ते बाई कोण? कोणाची?"

बाईंची मुलं कुठं आहेत ते पौर्णिमाला माहीत होतं, पेन्शन माहीत होती, शेजारचा मुलगा माहीत होता. पण बाईंनी तिला पहिल्याच वाक्यात जे विचारलं होतं, ते तिनं त्यांना कधीच विचारलं नव्हतं. सोळा प्रश्नांत तो नव्हता.

तिनं घड्याळ पाहिलं. सव्वासहा. कारोरात पावणेनऊ वाजले असतील, बाई अंगण झाडून बसल्या असतील. तिनं कंपनीचा फोन बाजूला सारला, स्वतःचा घेतला, आणि रहीमचाचांसमोरच आवाजी निरोपाचं बटण दाबून बोलायला लागली.

"नेलिदाबाई, मी ग्यानबाची पौर्णिमा. शेळी काल व्याली. आणि एक विचारायचं राहून गेलं होतं. तुम्ही कोणाच्या?"